गच्चीवरचा माशाचा काटा
गच्चीवर लॉग पिरिऑडिक अँटेना चढला, की शेजारी हमखास विचारतात, ‘काय हो, पुन्हा दूरदर्शन?’ त्यांचं काय चुकलं? दिसतो तो माशाच्या काट्यासारखाच. १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात जन्मलेल्या या काट्याची खुबी अशी, की १४ ते ३० मेगाहर्ट्‌झमधले हौशी रेडिओचे पाचही पट्टे एकाच केबलवर मिळतात. ज्या लहरीची पाळी, तिच्या मापाच्या दोन-चार दांड्याच राबतात. बाकीच्या, कचेरीतल्यासारख्या, हजेरीपुरत्या. मात्र सर्वांत लांब दांडी सुमारे १० मीटरची, आणि वारा तिला सोडत नाही. शिवाय याच्याइतक्याच लांब कण्याचा एकपट्टी यागी अँटेना जास्त जोर देतो. तेव्हा एकाच पट्ट्यावर गप्पा मारणाऱ्याने हे लोढणं गळ्यात घेऊच नये. घेतलंच, तर खांबाचे ताण आणि अर्थिंग मृगाआधी उरकावं.