गहू कुणाचा?

देशभक्तीची कादंबरी म्हटली की पांढरपेशा वाचकाचे डोळे लगेच पाणावतात. मेलेला शिपाई कुणाच्या पोटचा आणि त्यानं मारलेला कोण, हे विचारायचं नसतं. विचारलंत की तुम्ही देशद्रोही! तर दोस्तहो, आपण विचारू. जपानमधलंच एक पुस्तक घेऊ.

हिनो आशिहेई. वाकामात्सू बंदरात कोळसा चढवणाऱ्या हमालांच्या मुकादमाचा पोरगा. त्यानं गोदी कामगारांची युनियन बांधली. १९३२ साली पोलिसांनी उचलला आणि गडी डाव्या विचारातून फिरला. १९३७ साली त्यानं मैला वाहण्याचा धंदा करणाऱ्या माणसावर लिहिलं. त्याला आकुतागावा पारितोषिक जाहीर झालं तेव्हा हा चीनमध्ये साधा कॉर्पोरल. लष्करानं बरोबर हेरलं : खालच्या माणसाची भाषा येणारा लेखक आयता हाताशी आहे. घेतला प्रसिद्धी विभागात. मे १९३८ च्या श्युचौ मोहिमेवर त्यानं रोजनिशीच्या रूपात 'गहू आणि शिपाई' लिहिलं. दहा लाखांवर प्रती खपल्या.

पुस्तक खोटं आहे काय? नाही. तीच तर गोम आहे. सेनापतींची आरती त्यात नाही. धूळ आहे, तहान आहे, मैलोन्‌मैल पायपीट आहे, मरणाची भीती आहे. घरी बसलेल्यांना त्यात आपला भाऊ दिसला. पकडलेल्या चिनी शिपायांचे चेहरे आपल्याच माणसांसारखे दिसतात, हेही हिनोला खुपतं. पण ज्या गव्हातून ही फौज चालली तो गहू पेरला कुणी? त्या चिनी शेतकऱ्याच्या बाजूनं पुस्तक उभं राहत नाही.

शेवटी तीन चिनी कैद्यांची मुंडकी उडवली जातात. निवेदक नजर वळवतो. आपण अजून राक्षस झालो नाही म्हणून त्याला हायसं वाटतं. सेन्सॉरनं मुंडकी कापली, ती पुस्तकात युद्धानंतर परत आली. पण हे हायसं वाटणं जास्त भयंकर आहे. वस्ती जळताना मान फिरवणारे सज्जन आपण काय कमी पाहिलेत? तेही रात्री निवांत झोपतात.

१९४४ साली हाच हिनो इंफाळच्या आघाडीवर आला. समोर इंग्रजांच्या फौजेत हिंदी शिपाई. फौजेला गरिबाचं प्रेम कधी येतं ते आपल्याला पाठ आहे. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद. १९१७ ला लढाईसाठी पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. १९४१ ला गरज पडली, पुन्हा महार रेजिमेंट. त्या वर्दीनं भाकर दिली, ताठ मान दिली; तिच्यावर कुणी थुंकू नये. पण गरज सरो वैद्य मरो, हा हिशेबही विसरू नये.

युद्ध हरल्यावर हिनोवर सार्वजनिक जीवनात बंदी आली, पुढं उठली. जानेवारी १९६० मध्ये त्यानं जीव दिला. ती आत्महत्या होती हे १९७२ साली बाहेर आलं. लष्कर वापरून मोकळं झालं होतं, लेखकाला मात्र मोकळं होता आलं नाही.

उद्या कुणी देशभक्तीची कादंबरी हातात ठेवली तर जरूर वाचा. रडू आलं तर रडा. फक्त पान मिटण्याआधी विचारा : गहू कुणाचा, आणि नजर कुणी वळवली?