वाळूची बोट उडते, मालक कुठे असतो?

उजनीच्या बॅकवॉटरमध्ये महसूल खात्यानं वाळूच्या बोटी जिलेटिन लावून उडवल्या, असा व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. मोठा आवाज, धूर, खाली कौतुकाच्या कमेंट. काही महिन्यांनी तसाच दुसरा व्हिडिओ येतो. मग ही नवी बोट आणली कुणी?

हिंजवडीपासून वाघोलीपर्यंत टॉवर उभे राहिले तशी पुण्याची वाळूची भूक वाढली. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं आणि २०१३ मध्ये हरित लवादानं पर्यावरण मंजुरीशिवाय उपसा करायला मनाई केली. ती गरजेचीच होती, नद्या खरवडल्या जात होत्या. पण बांधकामं थांबली नाहीत. लिलाव रखडले की चोरीच्या वाळूचा भाव चढतो आणि टोळीचं काम सुरू होतं. बोटीवर उपसा करणारे मजूर, हायवाचा ड्रायव्हर, तहसीलदारांच्या गाडीवर नजर ठेवून 'लोकेशन' देणारी पोरं. पैसा लावणारा नदीवर कशाला येईल?

कायदा मऊ आहे असं नाही. जमीन महसूल संहितेत बाजारभावाच्या पाचपट दंड आहे. २०१५ पासून वाळू तस्करांना एमपीडीए लागतो, म्हणजे खटल्याशिवाय वर्षभरापर्यंत स्थानबद्धता. पण धाडीत सापडतं ते हाताशी असलेलंच: बोट, ट्रक, ड्रायव्हर.

खालच्यांनाच चेपलं की काय होतं, ते दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत दिसतं. लेसोथोहून आलेल्या मजुरांनी १९४० च्या दशकात जोहान्सबर्ग परिसरात 'मराशिया', म्हणजे 'रशियन', या टोळ्या बांधल्या. वर्णभेदी सरकारचे पोलीस काळ्या माणसांचे पास तपासण्यात गुंतलेले. वस्तीत लुटलं गेलं तर जायचं कुणाकडे? टोळी संरक्षण द्यायची, सभासदाच्या मयतीचा खर्च उचलायची आणि आपल्याच लोकांकडून वसुलीही करायची.

वर्णभेद गेला, टोळ्या नव्या रूपात राहिल्या. स्टिलफाँटेनच्या बंद खाणीत बेकायदा सोनं काढणारे वर यावेत म्हणून पोलिसांनी २०२४ मध्ये त्यांचं अन्नपाणी रोखलं. जानेवारी २०२५ मध्ये ७८ मृतदेह वर आले. त्यांना राबवणारा संशयित म्होरक्या मात्र जिवंत वर आला आणि पोलिसांच्या ताब्यातून निसटला.

आपल्याकडे वाळूच्या गाड्यांना जीपीएस बंधनकारक आहे. गाडी कुणाच्या नावावर आहे, हे आरटीओत कळतं. पुढच्या वेळी बोट उडवल्याचा व्हिडिओ आला, तर कमेंटमध्ये एवढंच विचारा: गुन्हा कुणावर दाखल झाला?