सहलेखकांचे प्रेम आणि आमच्या समीक्षकांचे सोवळे

काही महिन्यांपूर्वी एका चर्चासत्राच्या चहापानाच्या वेळी आमच्या हातातील इंग्रजी कादंबरीचे मुखपृष्ठ पाहून एका ज्येष्ठ समीक्षकांनी विचारले, "शेवटी दोघे एकत्र येणारच ना? मग वाचायचे कशाला?" भोवतीचे सगळे हसले. आम्हीही हसलो, कारण चहापानाला वाद घालू नये एवढे भान आम्हांला आहे. पण तो प्रश्न विनोद म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. मराठीत प्रेमकथेविषयी जे सोवळे पाळले जाते ते सगळे त्या एका वाक्यात होते, म्हणून हा प्रपंच.

कादंबरी होती एमिली विबरली आणि ऑस्टिन सिगमंड-ब्रोका यांची 'द रफेस्ट ड्राफ्ट'. ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅटरिना आणि नेथन हे दोघे सहलेखक. दोघांनी मिळून लिहिलेली कादंबरी अफाट खपते, कीर्ती मिळते आणि नेमक्या त्याच वेळी त्यांचे बिनसते, बोलणे बंद होते. का, हे जगाला कळत नाही. नेथन त्या वेळी विवाहित असल्यामुळे जग आपल्या परीने कारण शोधून काढते. पुढे काही वर्षांनी, करारानुसार देणे असलेले एक पुस्तक पुरे करण्यासाठी, त्यांना फ्लोरिडातील त्याच गावी पुन्हा एकत्र राहावे लागते, जिथे आधीचे पुस्तक लिहिले होते. कथन आळीपाळीने तिच्या आणि त्याच्या तोंडून, आणि काळही आळीपाळीने आजचा आणि तेव्हाचा. इंग्रजी प्रेमकादंबरीच्या बाजारात या प्रकाराला 'सेकंड चान्स' म्हणतात. एकदा तुटलेले नाते पुन्हा जुळण्याची कथा.

आता ज्येष्ठांचा प्रश्न. शेवट ठाऊक असणे हा दोष असेल, तर कीर्तनाला आजवर कोणी बसायलाच नको होते. नळ-दमयंतीची भेट होणार हे श्रोत्यांतील पोरासोरांनाही माहीत असते. दुसऱ्या स्वयंवराची युक्ती दमयंती काढते तेव्हा 'आता पुढे काय' हे कोणी विचारत नाही, 'आता नळाचे काय होत असेल' हे विचारतात. या दोन प्रश्नांतला फरक ज्यांना शिकवावा लागतो त्यांनी आख्यानकाव्य कसे शिकवले असेल, असा उद्धट प्रश्न आम्हांला पडतो.

पण नळाख्यान राहू द्या. हेच समीक्षक करुणरसाची चर्चा करताना ज्याचे नाव हटकून घेतात तो विदर्भातला भवभूती पाहा. वाल्मीकीच्या कथेत सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीने 'उत्तररामचरिता'त तो शेवट बदलला आणि राम-सीतेची भेट घडवली. म्हणजे आजच्या भाषेत त्याने सेकंड चान्स लिहिला! आणि भेट घडवली कशी? सातव्या अंकात गंगाकाठी वाल्मीकीने रचलेले नाटक अप्सरा करून दाखवतात. राम ते पाहताना कोसळतो आणि मग अरुंधती खऱ्या सीतेला घेऊन येते. प्रेक्षकांत अयोध्येचे लोक आहेत, ज्यांच्या बोलण्यामुळे सीता वनात गेली तेच. लोकापवादाला उत्तर म्हणून भवभूती लिहिलेली संहिता उभी करतो. तुटलेले नाते लेखनातून सांधणे ही कल्पना न्यूयॉर्कच्या प्रकाशकांनी काढलेली नाही. तिला आपल्याकडे नाटक म्हणतात, तिकडे बेस्टसेलर म्हणतात, एवढेच. भवभूतीला मात्र पलायनवादी म्हणण्याची हिंमत अजून कोणी केलेली नाही.

या जातीच्या इंग्रजी कादंबऱ्यांची खरी पणजी म्हणजे जेन ऑस्टिनची 'पर्स्वेजन'. आठ वर्षांपूर्वी मोडलेले लग्न, अ‍ॅन सत्तावीस वर्षांची, वेंटवर्थ आता कॅप्टन. या कादंबरीचा शेवट ऑस्टिनने जुलै १८१६ मध्ये लिहून संपवला होता. त्यात दोघे अ‍ॅडमिरलच्या बिऱ्हाडी एका अवघडलेल्या निरोपाच्या निमित्ताने एकत्र येतात. तो तिला पटला नाही. ऑगस्टपर्यंत तिने तो नव्याने लिहिला. आज वाचक ज्या पत्रासाठी ही कादंबरी पुन्हापुन्हा उघडतात ते पत्र या दुसऱ्या लेखनातले. लेखणी आजवर पुरुषांच्याच हाती होती हा अ‍ॅनचा युक्तिवादही तिथलाच. तो ती करत असताना शेजारच्या टेबलावर वेंटवर्थ लिहीत बसला आहे आणि त्याच्या हातून लेखणी खाली पडते. रद्द केलेली प्रकरणे ऑस्टिनच्या हस्ताक्षरात शिल्लक आहेत, ज्याला शंका असेल त्याने पडताळावे. पात्रांना दुसरी संधी मिळाली ती लेखिकेने दुसरा खर्डा केला म्हणून.

'द रफेस्ट ड्राफ्ट' हे नावच त्यामुळे आम्हांला मोलाचे वाटते. लेखन हे काम आहे, हे या कादंबरीला कळलेले आहे. करार आहे, मुदत आहे, रोजची पाने आहेत, एकाचे वाक्य दुसऱ्याने खोडणे आहे. आमच्या 'गंभीर' कादंबऱ्यांतले लेखक-नायक काय करतात? सिगारेट ओढतात, नदीकाठी जातात, अस्तित्वाविषयी चिंतन करतात. ते लिहितात केव्हा, हे आम्हांला आजतागायत कळलेले नाही. ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधना'त लेखनाला शिकण्याजोगी कारागिरी मानले, त्याचा उपहास करण्यात आमच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. कॅटरिना आणि नेथन एकमेकांचे परिच्छेद दुरुस्त करतात, तेव्हा त्या दुरुस्त्यांतच राग, भीती आणि ओढ दिसते. तोंडाने जे बोलवत नाही ते पात्रांच्या तोंडी घातले जाते. तंत्र म्हणून हे सोपे नाही.

इथवर आम्ही कादंबरीच्या बाजूने बोललो. आता आमचे भांडण कादंबरीशी.

जग म्हणत होते की या दोघांत काहीतरी आहे, आणि कादंबरी शेवटी सांगते की होय, होते! प्रवाद तपशिलात चुकला असेल, मूळ गोष्टीत बरोबर निघाला. भवभूतीने संहिता उभी केली ती लोकांचे बोलणे खोटे पाडण्यासाठी, इथे संहिता लोकांच्या बोलण्यावर शिक्का मारते. शिवाय खलपुरुषाची सोय केलेलीच आहे. कॅटरिनाचा वाग्दत्त वरच तिचा साहित्यिक एजंट आहे आणि तिने लिहावे असे त्याला वाटते ते पैशासाठी. त्यामुळे बाजाराचा सगळा दोष त्याच्या माथी मारून लेखनाला प्रेमाच्या बाजूला निवांत बसवता येते. वास्तविक कराराची रक्कम त्या दोघांच्याही नावावर आहे.

हा आक्षेप आम्ही पुस्तकातून शोधून काढलेला नाही, हे कबूल करतो. आम्ही दोघे, एक प्राध्यापिका आणि एक प्राध्यापक, गेली अनेक वर्षे एकत्र लिहितो. प्रस्तुत लेखातले कोणते वाक्य कोणाचे, हे आम्हांलाही आता सांगता येणार नाही. आमची आपापली घरे आहेत, संसार आहेत, आणि आमच्यात प्रेमप्रकरण नाही. हे वाक्य लिहावे लागते, यातच सारे आले. स्टाफरूममध्ये आम्ही मुद्रिते घेऊन बसलो की कोणीतरी घसा खाकरतो. एका निवड समितीत आमच्यापैकी प्राध्यापिकेला विचारले गेले, "यातले तुमचे नेमके किती?" प्राध्यापकाला हा प्रश्न कधी आला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत दोन लेखकांच्या प्रकाशनासाठी प्रत्येकाला मूळ गुणांच्या ७० टक्के गुण होते. दोघांचे मिळून १४० टक्के! सहलेखनात बेरजेपेक्षा जास्त काहीतरी निपजते, हे नकळत मान्य करणारा हा बहुधा एकमेव सरकारी कागद असावा. समितीला मात्र तो मान्य नव्हता.

स्त्रीचे लेखन पुरुषाच्या नावाखाली जाण्याचा इतिहास मोठा आहे. कोलेतच्या 'क्लोदीन' कादंबऱ्या १९०० पासून तिच्या नवऱ्याच्या, विलीच्या, नावावर निघाल्या. म्हणून सहलेखनात 'कोण किती' हा प्रश्न गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. तो विचारलाच पाहिजे, आणि दोघांनाही विचारला पाहिजे. 'द रफेस्ट ड्राफ्ट' तो विचारू लागते आणि प्रेमाची कबुली येताच विसरून जाते, जणू प्रेमात पडलेल्यांना श्रेयाची वाटणी करावी लागत नाही. वास्तविक तिथेच ती जास्त करावी लागते. शिवाय इल्फ आणि पेत्रोव्ह यांनी मिळून 'बारा खुर्च्या' लिहिली तेव्हा त्यांच्या पुनर्मीलनाची वाट कोणी पाहत नव्हते. दोन माणसांना एकाच वाक्याची असोशी असू शकते. ते पुरेसे विलक्षण नाते आहे, त्याला लग्नाचा मुहूर्त लागत नाही.

विबरली आणि सिगमंड-ब्रोका हे स्वतः पती-पत्नी आहेत, आणि पुष्कळ वाचक ही कादंबरी त्यांचीच गोष्ट म्हणून वाचतात. ते वाचन आम्हांला मान्य नाही. त्याने दोन कसबी लेखकांच्या श्रमांचे रूपांतर एका गोड योगायोगात होते. त्यांच्या पुस्तकावर रागावण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो, पण तो पुस्तक वाचल्यावर. मुखपृष्ठ पाहून हसणाऱ्यांच्या पंक्तीला बसून नव्हे.

ज्येष्ठांना आम्ही ती प्रत त्याच दिवशी देऊ केली. त्यांनी ती उलटून पाठीमागचा मजकूर वाचला, आणि दोन लेखकांची नावे पाहून आम्हांलाच विचारले, "यातले खरे लिहिणारे कोण?"