'अर्धसत्य'चे उरलेले अर्धे सत्य

गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' १९८३ साली आला. त्यानंतर पोलिसांवर हिंदीत ढीगभर चित्रपट निघाले. पण पोलीस ठाण्याच्या आतली हवा इतक्या खरेपणाने क्वचितच कुणी दाखवली. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही मराठी कथा, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे. भाषा हिंदी, पण चित्रपट महाराष्ट्राचाच. नायिका स्मिता पाटील, आपल्या शेजारच्या शिरपूरच्या घराण्यातली! नंदुरबार, शहादा, धडगावच्या माणसाला ठाण्याची पायरी काय असते ते सिनेमातून शिकावे लागत नाही. म्हणूनच या चित्रपटाकडे एकदा त्याच्या जागेवरून पाहिले पाहिजे.

चित्रपटाची ताकद मोठी आहे. सब इन्स्पेक्टर अनंत वेलणकर प्रामाणिक आहे. बाप पोलिसातला, आईला मारणारा. त्यानेच पोराला शिक्षणातून ओढून वर्दीत कोंबलेले. वेलणकर गुंडाला हात घालायला जातो आणि रामा शेट्टीच्या एका फोनने त्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. सदाशिव अमरापूरकरांचा हा शेट्टी आवाजही चढवत नाही. त्याला गरजच काय? व्यवस्था त्याच्या खिशात आहे. ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सार्थच होता. पोलिसाची क्रूरता ही एका वाईट माणसाची खोड नाही, ती घरातून आणि वरच्या खुर्चीतून झिरपत खाली येते, हे या चित्रपटाइतके स्पष्ट कुणी सांगितले?

पण ती झिरपून शेवटी पडते कुणावर? वरच्यांचा अपमान पचवू न शकलेला वेलणकर एका किरकोळ चोराला लॉकअपमध्ये बडवतो. आरोप काय, तर छोटा रेडिओ चोरल्याचा. तो माणूस मरतो. आणि इथेच चित्रपट आमची साथ सोडतो. पुढची सारी चिंता वेलणकरचे काय होणार याची! मेलेल्याच्या घरी कॅमेरा जात नाही. त्याची जात कोणती, वस्ती कोणती, त्याच्या मागे कोण आहे, हे तेंडुलकरांसारख्या लेखकालाही विचारावेसे वाटले नाही. सद्सद्विवेकबुद्धी वेलणकरांना, मरण मात्र बिनचेहऱ्याच्या माणसाला, ही वाटणी आम्हाला नवी नाही.

खान्देशात तर मुळीच नाही. १८२५ साली इंग्रजांनी आउटरमच्या हाताखाली खान्देश भिल्ल कोअर उभारली आणि भिल्लांचा बंदोबस्त भिल्लांकडूनच करवून घेतला. स्वातंत्र्यानंतरही शहादा-तळोद्याच्या शेतात मूठभर कणसे चोरल्याच्या आळावर आदिवासी रखवालदारांचा मार खात होता. १९७१ च्या पाटीलवाडी प्रकरणानंतर अंबरसिंग महाराज आणि पुढे श्रमिक संघटनेने जो लढा दिला, तो जमीन-मजुरीइतकाच या 'चोर' शिक्क्याच्याही विरोधात होता. सुमारे ६९ टक्के आदिवासी असलेल्या या जिल्ह्यात रेडिओ चोरणारा तो माणूस परका कसा वाटेल?

गंमत अशी की निहलानी-तेंडुलकरांनीच १९८० साली 'आक्रोश' दिला होता. तिथे हेच ओम पुरी बायकोच्या खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेले लहान्या भिकू होते, तोंडातून शब्द न काढणारे आदिवासी. सरकारी वकील दुसाने स्वतः आदिवासी! तीन वर्षांत तोच नट कोठडीच्या गजांच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला आणि प्रेक्षकांच्या टाळ्या त्या बाजूला जास्त पडल्या. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहावेत, असे आम्ही म्हणू.

शेवटाबद्दलही बोलले पाहिजे. वेलणकर शेट्टीचा गळा दाबतो आणि स्वतःला कायद्याच्या स्वाधीन करतो. लेखकाला यात पराभव दिसतो. थिएटरला मात्र विजय दिसला. पुढच्यांनी नेमका तो विजयच उचलला. 'अब तक छप्पन' (२००४), 'सिंघम' (२०११) इथपर्यंत येताना स्वाधीन होणे गळाले, गळा दाबणे तेवढे उरले. २०१९ मध्ये हैदराबादला चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये ती चकमक बनावट ठरवली. फुले परत कोण गोळा करणार?

तमिळ 'जय भीम' (२०२१) ने ही चूक बऱ्याच अंशी दुरुस्त केली. १९९३ च्या खऱ्या कोठडीमृत्यूवरचा हा चित्रपट. इथेही चोरीचाच आरोप, पण पडद्याच्या मध्यभागी मेलेल्याची गर्भवती बायको आहे. त्यातही वकील नायक जरा जास्तच उजळून निघतो, हे खरे.

बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत कलम १५-अ मांडले, तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगा, वकील द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. रेडिओचोरासाठीच ते कलम होते. आणि तरी डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, एवढे म्हणायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

नंदुरबारच्या तरुण मंडळांनी येत्या १४ एप्रिलला वस्तीत पडदा बांधून 'अर्धसत्य' जरूर दाखवावा. चित्रपट संपल्यावर दिवे लावून कलम २२ मोठ्याने वाचावे. आणि सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात, लॉकअपमध्येसुद्धा, कॅमेरे लावायला सांगितले आहे. आपल्या ठाण्यातले चालू आहेत का, हा अर्ज त्याच रात्री लिहून काढावा.