पंचनाम्यात झोप कुठं लिहिता?

दरवर्षी थंडी पडायला लागली की मराठी पुरवण्यांत तोच लेख येतो. दिवस लहान झाले, ऊन कमी झालं, मन उदास होतं, सकाळी उजेडात बसा. हा लेख लिहिता कुणासाठी? 1984 साली नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ज्या हिवाळी उदासीनतेचं वर्णन केलं, ती तिकडच्या माणसांची खरी पीडा आहे. पण कोल्हापुरात वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशीही 11 तास उजेड असतो. डिसेंबरात इथं गुऱ्हाळं पेटलेली असतात आणि ऊन हवंहवंसं असतं. आमची माणसं खचतात ती आषाढ-श्रावणात. त्या ऋतूवर तुम्ही लिहिता काय, तर कांदाभजी आणि गगनबावड्याची सहल!

आमची भीती फुटांत मोजली जाते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. जुनी माणसं अजून ‘मच्छिंद्री झाली का?’, म्हणजे पाणी पुराच्या जुन्या खुणेला लागलं का, असं विचारतात, तरुण मोबाईल उघडतात. माझी आई दोन्ही करते. पाऊस लागून राहिला की ती रात्री दोन-अडीचला उठते, बॅटरी घेऊन जिन्यात येते आणि खालच्या पायऱ्यांवर उजेड टाकते. गल्लीत पाण्याचा थेंब नसतो. तरी टाकते. 2019 ला पाणी सातव्या पायरीला लागलं होतं, तिथं भिंतीवर अजून मळकट रेघ आहे. रंग दिला तरी ती वर येते. ‘आई, झोप की,’ म्हटलं तर म्हणते, ‘तू झोप. मी बघते.’ तिचं हे जागरण कुठल्या सरकारी कागदावर आहे? कुठल्याच नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, गावाला जाणारं दूध, पेट्रोल, भाजी सगळं अडकलं. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. ‘असा पूर शंभर वर्षांत एकदा येतो,’ असं सांगून लोकांची समजूत काढली गेली. दोनच वर्षांत, जुलै 2021 मध्ये, पाणी पुन्हा 55 च्या पलीकडे. तो पूर म्हाताऱ्या पावसानं, म्हणजे पुष्य नक्षत्रानं आणला, आधीचा आश्लेषानं. तेव्हापासून ही नक्षत्रं इथं नुसती पेरणी-भांगलणीची राहिली नाहीत. पुष्य लागला की प्रयाग चिखली-आंबेवाडीत कागदपत्रांची पिशवी खुंटीवर येते आणि घरातल्या कर्त्या माणसाचा आवाज चढतो. बायका-पोरं गप्प होतात. महिनाभर घरात हे असं चालतं, आणि आम्ही त्याला ‘पावसाळा आहे’ एवढंच म्हणतो.

शिरोळ तालुक्यातल्या उसाचं बघा. शेंड्याच्या पोंग्यात पाणी गेलं की ऊस गेला. पण पाणी उतरल्यावर तो लगेच आडवा होत नाही. लांबून बरा दिसतो, जवळ जाऊन पोंगा ओढला की कुजलेला हातात येतो. पुरातून उठलेली माणसं मी अशीच बघितली आहेत. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती महिन्यावर आला असताना मूर्ती चिखलात विरघळल्या. त्या घरांतले हात दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मातीत होते. सगळ्यांनी वाहवा केली, ‘कोल्हापूर पुन्हा उभं राहिलं!’ उभं राहिलं, कारण कर्जाचा हप्ता बसू देत नाही. उभ्या माणसाला झोप लागते का, हे विचारायला कुणी आलं नाही.

पंचनामा झाला. त्यात भिंती आल्या, म्हशी आल्या, भांडीकुंडी आली. मनाचा रकाना नव्हता. आणि ‘हे आम्हाला सुचलंच नाही’ असं म्हणायची सोय सरकारला नाही. किल्लारीच्या भूकंपानं 1993 सालीच याच महाराष्ट्राला दाखवलं होतं की ढिगारा उपसून काम संपत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं डिसेंबर 2009 मध्ये आपत्तीतल्या मानसिक आधाराची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. मानसिक आरोग्य सेवेचा कायदा 2017 चा, अंमल मे 2018 पासून. सरकारी खर्चानं चालणारे उपचार मिळणं हा त्यात माणसाचा हक्क आहे. म्हणजे 2019 चं पाणी यायच्या आधी कागद तयार होता, कायदाही लागू होता. गल्लीत काय आलं? बिस्किटाचे पुडे आणि फोटो.

दोष आपलाही आहे, आणि मोठा आहे. रांगडेपणाच्या नावाखाली आपण पुरुषांची तोंडं शिवली. तालमीत घाम गाळणारा गडी ‘मला भ्या वाटतंय’ म्हणाला तर त्याची काय अवस्था करतो आपण? माझ्या ओळखीच्या एका दुकानदार दादांनी 2021 नंतर दुकानाचं शटर सकाळी उघडणंच सोडलं. दुपारी बारा-एकला यायचे, गल्ल्यावर बसायचे, हिशेब चुकायचा. जिथं दाखवलं तिथं त्यांना सांगितलं गेलं, ‘काही नाही, मन गुंतवा कशात तरी.’ दोन वर्षं गेली अशीच. शेवटी वहिनींनी हट्टानं मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं. आता ते सकाळी आठला शटर उघडतात. दोन वर्षं! राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं 2015-16 मध्येच सांगितलं होतं की बहुतेक मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. दादा त्यातलेच एक.

पावसाळा तारीख सांगून येतो, तर तयारीही तारखेनं करा. पाण्याचा आकडा सकाळ-संध्याकाळ बघा, रात्रभर नको. रात्री बघायची पाळी गल्लीत वाटून घ्या, म्हणजे बाकीचे झोपतील. उघडीप मिळाली की म्हाताऱ्या माणसांना बाहेर उजेडात आणा. ज्याची गोळी चालू आहे त्याची महिन्याची गोळी कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा, कारण पुरात गोळी तुटली की आजार उलटतो. पंधरा-वीस दिवस झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतंय, तर थांबू नका: टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतही.

मात्र फोनवर सगळं ढकलून मोकळं होता येणार नाही. यंदा मान्सूनपूर्व बैठकीत बोटी किती, जॅकेट किती, निवारा कुठल्या शाळेत, हे वाचून दाखवलं जाईल. मी उभा राहून विचारणार आहे: पाणी उतरल्यावर आमच्या गल्लीत मनाचा डॉक्टर कोण येणार, कुठल्या वारी येणार, आणि पुढच्या पुष्य नक्षत्रापर्यंत किती वेळा येणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय मी खाली बसणार नाही.