कुणाच्या संस्कृतीत?

वर्षभर एक वाक्य कानाला टोचत राहिलं : 'नवरा-बायकोची भांडणं काय, सगळीकडे सारखीच.' पुण्यात विवाह समुपदेशन करणारी मनाने चांगली माणसंही ते बोलतात. इथे या वाक्याबद्दल.

1984च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समुपदेशकाला न्यायालयात जागा दिली. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाची पायरी सदाशिव पेठ चढते, कोंढवा चढतो, येरवड्याची वस्ती चढते. हिंजवडीत नोकरी करणारा तेलुगू नवरा आणि त्याची बिहारी बायकोही. कायदा धर्मागणिक वेगळा. समजूत मात्र सगळ्यांची एकाच चौकोनी मराठी घराप्रमाणे घातली जाते.

काडीमोडाचंच घ्या. कितीतरी बहुजन जातींत काडीमोड आणि पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. रूढीने मिळणारी ही फारकत 1955च्या हिंदू विवाह कायद्याने कलम 29मध्ये शाबूत ठेवली. ब्राह्मणादी जातींत ती वाटच नव्हती. मुंबई प्रांतात ती 1947च्या कायद्याने खुली झाली. मग 'आपल्या संस्कृतीत लग्न मोडत नाही' असं सांगतात, ते कुणाच्या संस्कृतीत? जिच्या आजीचा पाट लागला होता, त्या मुलीला हे ऐकवणं हा तिच्या घराण्याचा अपमान आहे. मला याचा मनापासून राग येतो.

याचा अर्थ जातपंचायतीपुढे मान तुकवा असा नाही. 2018मध्ये जातपंचायतीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध बोलल्याबद्दल पिंपरीच्या भाटनगरात ज्यांनी मार खाल्ला, ते तरुण कंजारभाट समाजातलेच होते. रूढीतलं काय टाकायचं हे घरच्यांना कळतं. त्यांना विचारावं लागतं. घरच्यांना सोबत घेण्याचा जुना दाखलाही आहे : 1950च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं होतं. घर जसं होतं तसं त्यांनी उपचारात घेतलं.

समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात पाट, मेहर, भावकी शिकवा. आणि समोर बसलेल्या जोडप्याला आधी विचारा : तुमच्याकडे लग्न कोण ठरवतं, आणि बिनसलं तर बैठकीला कोण कोण बसतं?