रात्रपाळी आणि कायदा

हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा पुण्यात सायंकाळचे साडेसात झालेले असतात. अमेरिकन ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कॉल सेंटरमधील तरुणांचा 'दिवस' तेव्हा उजाडतो आणि पहाटे मावळतो. गिरणी कामगाराची रात्रपाळी निदान आळीपाळीने येई; येथे ती महिनोन्‌महिने हटत नाही. उडालेली झोप, पित्त, बसलेला घसा, कानांत सतत घुमणारा नाद या तक्रारी तरुणांच्या बेशिस्तीच्या खाती मांडल्या जातात. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि फेरविचारानंतर २०१९ सालीही, रात्रपाळीचे काम बहुधा कर्करोगास कारण ठरणाऱ्या गोष्टींत गणले आहे. कापसाच्या धुळीने जडणाऱ्या फुप्फुसविकारास कायद्याने व्यवसायजन्य रोग मानले. रात्रपाळीने जडणाऱ्या व्याधींना मात्र हा दर्जा नाही. भत्ता दिला की झोपेचा हिशेब मिटला, असे मालक समजतात. आणि संगणकापुढे बसणारा स्वतःस कामगार म्हणवून घेण्यास संकोचतो, ही त्यांची आणखी एक सोय! सलग रात्रपाळ्यांवर कायद्याने मर्यादा घाला, मालकांच्या खर्चाने दरवर्षी वैद्यकीय तपासणी सक्तीची करा, ही मागणी या तरुणांनी संघटित होऊनच पुढे रेटली पाहिजे. कामगार चळवळीने त्यांच्या दारापर्यंत जाण्यास आधीच फार उशीर केला आहे.